फोटो काठापासून वाचायचा

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. भाजी घेताना एखादी बाई आपल्या उंच झालेल्या मुलाला पुढे ढकलून म्हणायची, "मॅडम, ओळखलंत का आमच्या चिरंजीवांना? लहानपणी तुमच्याकडे आणलेलं." मॅडम त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. नजर थेट पोटाकडे. हातातली मेथीची जुडी तशीच धरून क्षणभर विचार करायच्या आणि मग त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे, डावी किडनी खाली असलेला ना तू? छान! आहे ना अजून तिथेच?" मुलगा लाजून चूर व्हायचा. आई मात्र खूश, कारण इतक्या वर्षांनी आपल्या लेकाची किडनी लक्षात ठेवणारं दुसरं कोण भेटणार?

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं होते. पहिली दोन वर्षं त्यांनी मला "ए पोरी" म्हटलं आणि पुढची सात "अगं". माझं नाव त्यांना आजही सांगता येणार नाही. पण माझं डावं गळपट्टीचं हाड लहानपणी मोडून किंचित वाकडं जुळलंय, हे त्यांनी मुलाखतीच्या दिवशीच ओळखलं होतं.

"पर्स उजव्याच खांद्यावर घेतेस," त्या म्हणाल्या. "डावं कॉलरबोन ना? झाडावरून पडलीस?"

"नाही. दादाने ढकललं."

"सोमवारपासून ये."

एवढीच माझी मुलाखत. एक्स-रेच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून नेलं होतं. ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही, याचा राग मला बरेच दिवस होता.

त्यांचं सेंटर डोंबिवली पश्चिमेला, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एक्स-रे आणि सोनोग्राफी, फक्त मुलांसाठी. अठरा वर्षांच्या वरचं माणूस आलं की मॅडम त्याला दारातूनच परत पाठवायच्या. एकदा एक काका कंबर धरून आले आणि एवढे जिने चढून आलो म्हणून भांडायला लागले. मॅडम म्हणाल्या, "जिने चढलात ना? मग कंबरेला काही झालेलं नाही." काका पुढे महिनाभर सगळ्या पश्चिमेत सांगत होते, की त्या बाईंनी फोटो न काढता माझी कंबर बरी केली.

सोनोग्राफी सेंटरात गर्भलिंगनिदान होत नाही अशी कायद्याची पाटी लावावी लागते, तशी आमच्याकडेही होती. तिच्याखाली मॅडमनी स्वतःच्या अक्षरात दुसरी पाटी लावली होती: 'येथे मुलांना घाबरवले जात नाही. पालकांना घाबरायचे असल्यास बाहेरच्या बाकावर.' लोक वाचून हसायचे, आणि थोड्या वेळाने गुपचूप त्या बाकावर जाऊन बसायचे.

आत मात्र राज्य मुलांचं. मॅडम स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसायच्या, म्हणजे मुलाचं डोकं त्यांच्या डोक्यापेक्षा वर राहायचं. सोनोग्राफीचं जेल पोटाला गार लागतं म्हणून बाटली कायम गरम पाण्याच्या पातेल्यात. अगदी मे महिन्यातसुद्धा. ते पाणी बदलायचं काम माझं. मी एकदा कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "गार लागलं की मूल पोट आवळतं. आवळलेल्या पोटात काही दिसत नाही. मग तू आणि मी इथे काय भजी तळायला बसलोय का?"

आणि पहिली तपासणी बाहुलीची. मुलानं घरून जे काही खेळणं आणलं असेल, टेडी, डायनासोर, चाक नसलेला ट्रक, त्याच्या पोटावर आधी जेल लावून मॅडम गंभीरपणे मशीन फिरवायच्या. "हं. याच्या पोटात कापूस झालाय. काय रे, काल कापूस खाल्लास ना जास्त?" मग एका कागदावर त्या टेडीचा रिपोर्ट लिहून मुलाच्या हातात द्यायच्या, सहीशिक्क्यासकट. एका पोरीनं रागाने घरून काहीच आणलं नव्हतं. तिच्या चपलेची सोनोग्राफी झाली. बाहेर वीस पेशंट खोळंबलेले, मी आतून चरफडतेय, आणि बाईसाहेब चपलेला विचारतायत, कुठे दुखतं. पण माझ्या नऊ वर्षांत आमच्या टेबलावर पाय झाडणारी मुलं मी बोटांवर मोजण्याइतकीच बघितली. नंतर मोठमोठ्या हॉस्पिटलांत चार-चार माणसं एका मुलाला दाबून धरताना बघितली, तेव्हा मला ती चप्पल आठवली.

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी मॅडम आधी वाचायच्याच नाहीत. माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "खिशात ठेव. आधी चालू दे." मग मूल आमच्या लांब पॅसेजमधून जाऊन परत यायचं. मॅडम स्टुलावर बसून फक्त बघायच्या. कल्याणहून एक नववीतला मुलगा आला होता, अंगानं चांगला जाड. तीन महिने गुडघा दुखतोय म्हणत होता. गुडघ्याचे दोन फोटो काढून झालेले, दोन्ही स्वच्छ. शाळा बुडवायला नाटकं करतो यावर घरी, शाळेत, सगळीकडे एकमत झालं होतं. मुलगा पॅसेजमधून चालत गेला. त्याचं एक पाऊल किंचित बाहेर वळत होतं, मला तर दिसलंही नव्हतं. मॅडम वडिलांना म्हणाल्या, "गुडघ्याचा फोटो नको. खुब्याचा काढते."

वडील वैतागले. "अहो, चिठ्ठीत गुडघा लिहिलंय."

"चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली. चालतोय हा."

मांडीच्या हाडाचं वरचं टोक खुब्यातून घसरत चाललं होतं. या वयात असं होतं, आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर तो पोरगा जन्माचा लंगडा झाला असता. मॅडमनी त्याला एक पाऊलही टाकू दिलं नाही, खुर्चीत बसवून खाली नेलं. जाताना तो रडत होता. दुखत होतं म्हणून नव्हे. आपण खोटं बोलत नव्हतो, हे कुणीतरी फोटोत दाखवलं होतं म्हणून. मी तिथेच उभी राहिले. आपण जिच्यासाठी पाणी गरम करतो ती बाई कोण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडमचा सगळ्यात मोठा नियम फोटो वाचण्याचा. फोटो काठापासून वाचायचा. आधी चारही कडा, मग कोपरे, आणि सगळ्यात शेवटी मधलं. "मधलं सगळ्यांनाच दिसतं. त्याला आपण कशाला लागतो?" फिल्म खिडकीशी धरून त्या कडेकडेनं बोट फिरवायच्या, एखादी बाई साडीचा काठ तपासते तसं. हे त्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. त्या बाळकुमच्या, जुन्या आगरी घरातल्या. आता तिथे बिल्डिंगा आहेत, पण त्यांच्या लहानपणी वडील मिठागरावर काम करायचे. वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, मीठ आधी मधे धरत नाही, काठाला धरतं. ज्याला काठ बघता येतो त्याला उद्याचं मीठ आज दिसतं. मॅडम एरवी अगदी पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायच्या. पण वडिलांचं वाक्य सांगताना घरच्या बोलीत जायच्या, आणि क्षणभर वेगळ्याच दिसायच्या.

आता जे सांगायचं ते मला दहा वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारची वेळ. मॅडम आंबिवलीच्या एका शाळेत मुलं तपासायला गेल्या होत्या आणि सेंटरात मी एकटी. कोपर गावातल्या एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. अडीच वर्षांचा, लाळ गळत होती, सकाळपासून काही खात नव्हता. आजी म्हणाल्या, "देवापुढं ताटलीन पैसे व्हते ववालनीचे. त्यातला येक गिलला वाटतं यानं. कोनी बगितला नाय." त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: नाणं गिळल्याची शंका, छाती आणि पोटाचा फोटो.

मुलानं काहीतरी गिळलं असेल तर मॅडमचा नियम ठरलेला: नाकापासून बुडापर्यंत फोटो. ते मला झोपेतही पाठ होतं. पण पोर भोकाड पसरून रडत होतं, बाहुलीबिहुली करायला मॅडम नव्हत्या, आणि मला ते सगळं करायला लाज वाटायची. मी आजींना शिशाचा एप्रन घातला आणि मुलाचं डोकं दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. त्यांच्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या, पण दोन्ही हातांत एकेक सोन्याची जाड पाटली होती. ती निघेना. "लग्नान घातलेली," आजी म्हणाल्या, "आता माज्याबरोबरच जानार." मी म्हटलं, राहू दे. मूल वळवळलं, वर सरकलं, मी बटण दाबलं.

फोटोत पोट स्वच्छ. छाती स्वच्छ. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आजींच्या पाटल्यांचे पांढरे कमानीसारखे तुकडे. आणि वरच्या कडेला, अगदी मधोमध, तसाच एक लहानसा पांढरा तुकडा, नखाएवढा. मी तो बघितला. हे मी आज शपथेवर सांगते, मी तो बघितला. आणि मनात म्हटलं, बांगडी.

"आजी, पोटात काही नाही. पडून गेलं असेल शीतून. संध्याकाळी मॅडम रिपोर्ट देतील."

आजींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि नातवाला घेऊन गेल्या.

अर्ध्या तासानं मॅडम आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी फिल्म उचलली आणि खिडकीशी धरली. बोट डाव्या कडेनं वर गेलं, कोपऱ्यात थांबलं, वरच्या कडेवरून सरकत मधे आलं आणि तिथे थांबलं ते हललंच नाही.

"मान कुठे आहे?"

त्यांनी फिल्म माझ्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"बांगडी, मॅडम. आजींनी डोकं धरलेलं."

"हातात किती होत्या?"

"एकेक."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही एक, ही दुसरी. मग ही तिसरी कुणाची? आजींना हात किती?"

मी फिल्मवर वाकले.

"आणि नीट बघ. नाण्याला एकच काठ असतो. याला दोन आहेत, एकात एक." त्या आधीच दाराकडे वळल्या होत्या. "बटणाचा सेल आहे. अन्ननलिकेत अडकलाय. आतून जाळत असेल पोराला. चल!"

बॅटरीवरच्या पणत्या त्या वर्षी घरोघरी आल्या होत्या. त्यात तो चपटा गोल सेल असतो, दिसायला अगदी नाण्यासारखा. नाणं एखादा दिवस थांबू शकतं. सेल दोन तासही थांबत नाही.

आजींनी दिलेला मोबाईल नंबर त्यांच्या मुलाचा, म्हणजे पोराच्या बापाचा होता, तो उचलत नव्हता. पत्ता एवढाच: कोपर गाव, देवळाजवळ. आम्ही रिक्षा केली. मॅडमचं वय तेव्हा अठ्ठावन्न असेल, गुडघे दुखायचे, पण देवळापाशी रिक्षा थांबायच्या आत त्या उतरल्या होत्या. ओट्यावर बायका बसल्या होत्या. मॅडमच्या तोंडून तोवर मी कधी न ऐकलेला आवाज निघाला. "आगो बायांनो! पोऱ्या कडेव घेतलेली म्हातारी कंच्या घरान गेली? सांगा बिगी! त्याचे गल्यान सेल अरकलाय!"

चार बायका एकदम उठून धावल्या. त्यांच्या मागे मॅडम, मॅडमच्या मागे मी.

आजी ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर नातू, हातात सोललेलं केळं. अडकलेलं असेल ते केळ्यानं खाली उतरतं म्हणून त्या पोराचं तोंड उघडायला बघत होत्या. मॅडमनी ते केळं त्यांच्या हातातून हिसकावून अंगणात फेकलं.

शेजाऱ्यांची मोठी गाडी निघाली. मागे आजी, पोर आणि मी; पुढे मॅडम. शिळफाट्याला गाड्यांची ही रांग. मॅडमनी ठाण्याच्या एका हॉस्पिटलमधल्या मुलांच्या सर्जनना फोन लावला. थिएटर तयार ठेव म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, इतका वेळ कसा गेला, आधी कळलं कसं नाही. मॅडम आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोटोच्या वरच्या कडेला बांगड्या आल्या होत्या. त्यात लपला होता."

त्या एका वाक्यानं माझी नोकरी वाचली, माझं नाव वाचलं, सगळं वाचलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेजारी आजी दोन्ही हातांनी पोराला छातीशी धरून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सेल निघाला. पण आतली नळी भाजली होती. भोक पडलं तर पोर हाती लागणार नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. पाच आठवडे त्याच्या नाकात नळी होती, दूध तिच्यातूनच. दर रविवारी मॅडम मला घेऊन ठाण्याला जायच्या; मी आजींची नजर चुकवत मागे राहायचे. आत जाऊन त्याचे फोटो बघायच्या, कडेकडेनं बोट फिरवायच्या, आणि परत यायच्या. सहाव्या रविवारी त्याला चमच्यानं पांढरं औषध पाजलं आणि ते घशातून कसं जातं ते पडद्यावर, हलत्या फोटोत बघितलं. काळ्या पडद्यावर ती पांढरी रेघ मानेपाशी आली, जिथे भाजलं होतं तिथे अडली. मग ती बारीक झाली, वाकली, आणि सरळ खाली गेली.

"उतरला," मॅडम म्हणाल्या. एवढंच. बाहेर येऊन त्या जिन्यात बसल्या आणि पदरात तोंड लपवून ढसाढसा रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच एकदा बघितलं.

ती फिल्म, माझी अर्धी फिल्म, त्यांनी कधी फाडली नाही आणि कधी मला दाखवलीही नाही. मला कामावरून काढलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून बाहुलीची तपासणी मला करायला लावली. मी पहिल्यांदा एका रबरी बेडकाच्या पोटावर जेल लावलं तेव्हा मॅडम स्टुलावर बसून, हाताची घडी घालून बघत होत्या, आणि बेडकाचा रिपोर्ट मी लिहिला त्यावर त्यांनी सही केली.

आजींच्या लेखी मात्र मी देवदूत झाले. "ही पोर धावत आयली म्हनून माजा नातू हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या. गावच्या जत्रेला दरवर्षी कुणाच्या तरी हाती माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी यायची. मी खायचे. दरवर्षी म्हणायचे, या वेळी सांगून टाकू. आणि दरवर्षी डबा घासून परत पाठवायचे.

आता मी ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात असते. मॅडम बाळकुमला, त्यांच्याच जुन्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. डोळे गेलेत. म्हणजे पूर्ण नाही. मधलं दिसत नाही, समोर बघितलं की काळा डाग. फक्त कडेचं दिसतं. कुणी गेलं की त्या मान तिरकी करून, कोंबडीसारखं, एका बाजूनं बघतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रडायला लागले, तर मलाच ओरडल्या. "रडायला काय झालं? कामाचं तेवढं ठेवलंय देवानं."

गेल्या महिन्यात आजींचा फोन आला, डाक्तरीनबायला जत्रेचं बोलवनं द्यायचंय, तू घेऊन चल. त्या नातवासकट आल्या. तो आता सातवीत आहे, कबड्डी खेळतो, आवाज फुटायला लागलाय. त्यानं नाव सांगायला तोंड उघडलं तसं मॅडमनी हात वर केला. "नाव नको. चालून दाखव."

तो हॉलमधून गॅलरीपर्यंत जाऊन आला. मॅडमनी मान तिरकी करून बघितलं. मग लाडवाचा डबा पुढे केला, त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "खा." त्यानं अख्खा लाडू तोंडात कोंबला. मॅडम डोळे मिटून थांबल्या.

"उतरला," म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मी चहा आणला. आजींनी बशी धरायला हात पुढे केला आणि माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. मोकळं. दुसरंही मोकळं. फक्त एक काळा दोरा. मी ट्रे खाली ठेवला. "आजी, आजोबा...?"

"खाली गाडीन बसलेन. लिफ्टची भीती वाटते त्यांना."

"मग बांगड्या? त्या पाटल्या?"

"त्या तवाच कापून काढल्या, सोनाराकरनं." आजी चहात फुंकर घालत, अगदी सहज बोलत होत्या. "माज्या बांगड्यांनीच झाकला ना त्या सेलाला. गाडीन बाय फोनवर बोलली, मी आयकलं. तवाच नेम केला, हातान परत बांगडी घालाची नाय. काचेची बी नाय."

"आणि लोक?"

"लोक म्हनाले. नवरा जिता, ना बाईचे हात भुंडे. हलदीकुंकवाला बोलवाचं सोरलं दोन-चार घरांनी. सोरू दे. पोर राहिला ना माजा?"

मॅडमचा हात कपापाशी थांबला होता. मी खाली, आजींच्या पायांपाशी बसले.

"आजी, तुमच्या बांगड्यांनी काही झाकलं नव्हतं. त्या दोन कोपऱ्यांत होत्या, लांब. सेल मधे होता. उघडा. मी तो बघितला आणि बांगडी समजून सोडून दिला. मानेसकट फोटो काढायचा असतो, तोही मी काढला नाही. चूक माझी होती. सगळी माझी होती, आणि दहा वर्षं मी तुमच्या भाकऱ्या खाल्ल्या."

पोरगा दुसरा लाडू हातात धरून आमच्याकडे बघत होता.

"फोनवरचं ते वाक्य माझं," मॅडम म्हणाल्या. त्या आता पुस्तकी मराठीत बोलत नव्हत्या. "या पोरीला वाचवाला बोलले मी, बाय. तुना लागलं ते मना दिसलंच नाय. दर रविवारी तुजे मोकले हात बघत व्हते. वाटलं, पोराला टोचतील म्हनून काढल्या असतील. येकदा इचारलं नाय."

आयुष्यभर काठ वाचलेल्या त्या बाईनं हात जोडले. मला वाटतं, त्यांच्याबद्दल मला जितका आदर होता तो सगळा त्या क्षणी दुप्पट झाला.

आजींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी थोबाडीत बसायची वाट बघत होते. बसायला हवी होती.

"दहा वर्सा," आजी म्हणाल्या. "तुमी दोगी येवड्या शिकलेल्या, ना दहा वर्सा मी भुंड्या हातानं फिरले?" त्यांनी बशी खाली ठेवली. डोळे पुसले. मग दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. "चल, ऊठ. आता तूच भर."

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे बाजारात कासाराकडे गेलो. गाडीत आजोबा, आजी, मी, आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून मॅडम. हिरव्या बांगड्या निवडून झाल्या, पण आजींनी कासाराला हात लावू दिला नाही. मीच भरायला बसले. दहा वर्षांत हात घट्ट झाले होते. पहिली बांगडी माझ्या हातातच कट्कन वाढली. आजी म्हणाल्या, "वाढू दे, दुसरी घे." दुसरी चढली. मग तिसरी. मॅडम मान तिरकी करून, प्रत्येक बांगडीच्या काठावरून बोट फिरवून बघत होत्या.

दोन्ही हात भरून झाल्यावर आजींनी ते हलवून बघितले. त्यांचा नातू दचकला आणि त्यानं त्यांच्याकडे वळून बघितलं.

"आजी," तो म्हणाला, "तू तर वाजतेस!"